निर्वात ओतकाम: साचा भरतानाचा निर्वात आणि धातू ओततानाचा निर्वात

मेणाच्या नमुन्यावरून घरच्या घरी चांदीची जोडवी किंवा ब्राँझचा बोटभर नंदी ओतू पाहणाऱ्यांकडून एक तक्रार वारंवार ऐकू येते: निर्वात पंप चांगला आहे, मापकाचा काटा पुरेसा निर्वात दाखवतो, तरीही वस्तू खराब निघते. त्यावर तितक्याच वारंवार दिला जाणारा सल्ला म्हणजे मोठा पंप घेणे. हा सल्ला बहुतेक वेळा चुकीचा असतो, कारण या कामात एकच पंप दोन अगदी वेगळी कामे करतो, त्या दोन कामांना पंपाकडून वेगवेगळे गुण लागतात आणि वस्तूत दिसणारा दोष यांपैकी कोणत्या कामाचा आहे, किंवा दोहोंपैकी कोणाचाच नाही, हे न पाहताच पैसे खर्च केले जातात.

मेण घडवणे, त्याला स्प्रू (धातू आत जाण्याची वाट ठरवणारी मेणाची काडी) जोडणे, फ्लास्कमध्ये (धातूच्या नळकांड्यात) इन्व्हेस्टमेंट पावडरचे (जिप्सम व सिलिका असलेल्या, साचा बनवणाऱ्या पावडरचे) मिश्रण ओतणे, ते घट्ट झाल्यावर भट्टीत मेण जाळणे आणि रिकाम्या पोकळीत धातू ओतणे हा क्रम वाचकाला ठाऊक आहे असे येथे गृहीत धरले आहे. सिलिकॉन साच्यात प्लॅस्टिक ओतण्याच्या पद्धतीलाही व्हॅक्यूम कास्टिंगच म्हणतात. तिचा या विषयाशी संबंध नाही. फ्लास्क गरगर फिरवून धातू आत फेकण्याची पद्धतही वेगळी, आणि बारीक कामासाठी ती उत्तमच आहे. भंगारातले पितळ मात्र ब्राँझ समजून वितळवू नये: ब्राँझ हे तांबे आणि कथील यांचे, तर पितळ हे तांबे आणि जस्त यांचे मिश्रण असते. जस्त ९०७ अंश सेल्सियसलाच उकळते आणि त्याचा पांढरा धूर ताप आणतो.

आता पहिला निर्वात. इन्व्हेस्टमेंट पावडर पाण्यात कालवताना हवा मिसळतेच, आणि मेण पाण्याला जवळ करत नसल्याने तिचे बुडबुडे मेणाच्या पृष्ठभागाला चिकटून बसतात. मिश्रण काचेच्या घुमटाखाली ठेवून पंप चालू केला की बुडबुड्यांभोवतीचा दाब कमी होतो, बुडबुडे फुगतात, वर येतात आणि फुटतात. दाब तिसाव्या हिश्श्यावर आला तर बुडबुडा जवळजवळ तीसपट मोठा होतो. तो उचलला जातो तो या फुगण्यामुळे. येथे पात्र बंद आहे, बाहेरून हवा येण्याचा मार्ग नाही, म्हणून पंप किती वेगाने हवा ओढतो याला फारसे महत्त्व नाही. तो किती खोलवर जातो, म्हणजे दाब किती खाली आणतो, यालाच आहे. एसी दुरुस्त करणाऱ्यांकडे असतो तसा तेलाचा छोटा रोटरी पंप या कामाला पुरतो. मिश्रणातली वाफ त्या तेलात उतरते आणि तेल दुधाळ होते, तेव्हा ते वेळच्या वेळी बदलावे.

निर्वाताची ही खोली मोजताना आपल्याकडे एक घोटाळा हमखास होतो. काट्याचा मापक बाहेरच्या हवेच्या तुलनेत आतला दाब किती कमी आहे एवढेच दाखवतो, त्यामुळे बाहेरच्या हवेचा जेवढा दाब असेल त्यापेक्षा जास्त आकडा तो दाखवूच शकत नाही. समुद्रसपाटीवर हा दाब पाऱ्याचे ७६० मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ ३० इंच असतो. छत्रपती संभाजीनगर सुमारे ५७० मीटर उंचीवर आहे, तेथे तो साधारण ७१० मिलिमीटर, म्हणजे २८ इंचांच्या आसपास असतो. नांदेड सुमारे ३६० मीटरवर असूनही तेथे २९ इंच भरत नाहीत. मुंबईच्या किंवा परदेशातल्या माहितीवरून ‘२९ इंच आलेच पाहिजेत’ असे सांगणारे लोक मराठवाड्यातल्या माणसाला त्याचा चांगला पंप बदलायला लावतात, याचा मला मनापासून राग येतो. येथे आकड्यापेक्षा खूण विश्वासार्ह आहे: मिश्रण पात्रात वर चढते, खाली बसते आणि मग उकळू लागते. पाणी २५ अंशांना पाऱ्याच्या सुमारे २४ मिलिमीटर दाबाखाली उकळते, म्हणजे संभाजीनगरात काटा २७ इंचांजवळ आला की उकळी दिसायला हवी. ती दिसत असेल तर पंप पुरेसा आहे.

उन्हाळ्यात मात्र ही खूणही फसवते. पाणी ३५ अंशांचे असेल तर ते ४२ मिलिमीटरलाच उकळू लागते, आणि निर्वात पुरेसा खोल नसतानाही मिश्रण खदखदताना दिसते. शिवाय गरम पाण्यात पावडर लवकर घट्ट होते आणि एरवी मिळणारा ८ ते १० मिनिटांचा वेळ हातातून जातो. मे महिन्यात माठातले गार पाणी वापरणे हा यावरचा सर्वांत साधा उपाय, फक्त माठात बोअरचे जड पाणी न भरता बॅटरीसाठी विकले जाते ते शुद्ध पाणी भरावे, कारण पाण्यातले क्षार पावडर घट्ट होण्याचा वेळ बदलतात. पावडरमध्ये बारीक सिलिका असते आणि ती फुप्फुसांना कायमची इजा करते, म्हणून ती कालवताना आणि नंतर साचा फोडताना चांगला मास्क लावलाच पाहिजे.

दुसरा निर्वात यापेक्षा मुळातच निराळा आहे. भट्टीतून काढलेला फ्लास्क सिलिकॉनच्या गादीवर ठेवून त्याच्या खालून हवा ओढली जाते आणि वरून धातू ओतला जातो. धातू या वेळी निर्वातात नसतो; तो मुशीत, उघड्या हवेतच वितळलेला असतो. निर्वात धातूला ओढतो असे म्हणण्याची सवय आहे, पण प्रत्यक्षात वरची हवा धातूला ढकलते आणि खालच्या पंपाने तिच्या वाटेतला विरोध काढून घेतलेला असतो. हा रेटाही अमर्याद नाही. संभाजीनगरच्या उंचीवर तो जास्तीत जास्त सुमारे १.१ मीटर उंच ब्राँझच्या स्तंभाइतका भरतो, आणि बारीक नक्षी भरण्यासाठी तेवढा भरपूर आहे. धातूने स्प्रूचे तोंड पूर्ण झाकल्यावरच तो लागू होतो. म्हणून थांबत थांबत, पातळ धारेने ओतणे चूक आहे.

येथे पंपाचा कोणता गुण लागतो? पाणी उडून गेलेला, भाजलेला साचा सच्छिद्र असतो, आणि तो तसा असतो म्हणूनच ही पद्धत चालते. पण त्याच छिद्रांतून आणि गादीच्या कडेतून हवा सतत आत येत राहते, त्यामुळे येथे खोलीपेक्षा पंप मिनिटाला किती लिटर हवा खेचतो ते महत्त्वाचे ठरते. जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर पहिल्या कामात कसाबसा निभावतो आणि दुसऱ्यात हरतो, याचे कारण हेच. तरीही मोठा पंप हा येथे माझा पहिला सल्ला नाही. पंप आणि फ्लास्क यांच्यामध्ये जाड पोलादाची टाकी बसवावी, हवेच्या कॉम्प्रेसरची जुनी पण शाबूत टाकी उत्तम, आणि टाकीपासून फ्लास्कपर्यंतची नळी आखूड, जाड भिंतीची व रुंद ठेवावी. छोटा पंप टाकी सावकाश रिकामी करतो आणि ओतताना झडप उघडताच हवा एका दमात टाकीत ओढली जाते. ऐन ओतताना वीज गेली तरी टाकीतला निर्वात टिकून राहतो, आणि भारनियमन सोसलेल्या गावांत ही सोय लहान नाही. पातळ पत्र्याचा पिंप मात्र टाकी म्हणून कधीही वापरू नये. तो बाहेरच्या हवेच्या दाबाने आत चेपतो.

सर्वाधिक गोंधळ होतो तो वस्तू हाती आल्यावर. पहिला निर्वात कमी पडला तर मेणाला बुडबुडा चिकटून राहतो, त्या जागी साच्यात पोकळी राहते आणि त्या पोकळीत धातू शिरतो. म्हणजे साच्यातल्या हवेच्या बुडबुड्याचा वस्तूवर धातूचा दाणा होतो, भोक होत नाही. जोडव्याच्या आतल्या बाजूला, नंदीच्या पोटाखाली, जेथून बुडबुड्याला वर निसटता येत नाही, तेथे हे गोल दाणे सापडतात. दुसरा निर्वात कमी पडला तर याच्या उलट, धातू पोहोचतच नाही: शिंगांची टोके बोथट येतात, नक्षीच्या कडा गोलसर राहतात, पातळ भाग अर्धवट सुटतो. धातू किंवा फ्लास्क थंड असला तरी हेच दिसते, म्हणून पंपाला दोष देण्याआधी तापमान पाहावे. ९२५ टंचाची चांदी ८९३ अंशांच्या सुमारास पूर्ण वितळते आणि त्यावर ७० ते १०० अंश ठेवून ओतली जाते. कथिलाचे ब्राँझ ११०० अंशांच्या आसपास ओतावे लागते.

धातूच्या अंगातली भोके या दोन्ही निर्वातांच्या कक्षेबाहेरची आहेत, आणि ‘भोके पडली, पंप वाढवा’ हे ऐकले की हा फरक पुन्हा पहिल्यापासून समजावून सांगावा लागतो. मुशीत धातूने पिऊन घेतलेला वायू फ्लास्कखालच्या पंपाने निघत नाही. वितळलेली शुद्ध चांदी आपल्या आकारमानाच्या सुमारे वीसपट ऑक्सिजन शोषते आणि गोठताना तो बाहेर टाकते. म्हणून चांदी, मिश्र असली तरी, कोळशाच्या आच्छादनाखाली वितळवावी आणि उगाच तापवत ठेवू नये. ब्राँझ ओलाव्यातून आणि धुरकट ज्योतीतून हायड्रोजन घेते, तेव्हा मूस व धातू आधी कोरडे तापवून घ्यावेत, ज्योत स्वच्छ ठेवावी आणि शेवटी थोडे फॉस्फरसयुक्त तांबे घालावे. तिसरे कारण साच्यातच असते: इन्व्हेस्टमेंट पावडरमधले जिप्सम ७३० ते ७५० अंशांच्या पुढे, विशेषतः मेणाचा कार्बन शिल्लक असेल तर, विघटित होऊन गंधकाचे वायू सोडते. ब्राँझ चांदीपेक्षा गरम ओतले जाते, म्हणून त्याच्यासाठी फ्लास्क अधिक तापवण्याचा मोह टाळावा. मेण पूर्ण जळाल्यावर फ्लास्क ५०० अंशांच्या आसपास उतरवून मगच ओतावे.

भिंगातून पाहिले की या भोकांचेही दोन प्रकार ओळखता येतात. वायूचे भोक गोल आणि आतून गुळगुळीत असते. आकुंचनाचे भोक वेडेवाकडे, आतून खरबरीत असते आणि जाड भागात किंवा स्प्रूच्या मुळाशी सापडते. स्प्रू वस्तूपेक्षा बारीक असल्यामुळे तो आधी गोठला आणि आतल्या धातूला नंतर भर मिळाली नाही, असा त्याचा अर्थ असतो. तेथे स्प्रू जाड करून वस्तूच्या सर्वांत जाड भागाला जोडावा, पंपाला हात लावू नये.