पोच म्हणजे उत्तर नव्हे

फँटसी क्रिकेटची, म्हणजे खऱ्या सामन्यातले खेळाडू निवडून आपली टीम बनवायची आणि त्यांच्या कामगिरीवर गुण मिळवायचे त्या खेळाची, साइट बंद पडली की आमच्या ग्रुपवर हमखास एक मेसेज येतो, 'कस्टमर केअर भारी आहे यांचं, लगेच रिप्लाय आला.' सोबतचा स्क्रीनशॉट उघडावा तर त्यात एक तक्रार क्रमांक आणि 'आम्ही लवकरच संपर्क साधू.' ही नुसती पोच आहे. तलाठी कार्यालयात अर्ज दिला की दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून मिळतो, तीच. शिक्का मिळाला म्हणून सातबाऱ्यावर नाव चढलं असं आपण कधी समजत नाही. मग इथेच का समजतो?

पोचेबद्दल फार सांगायला नको. ती हवी, क्रमांक आणि वेळेसकट हवी, जपून ठेवावी. ती यंत्र पाठवतं, त्यामुळे काही सेकंदांत येते. त्यावरून सेवेला पाच तारे देऊ नका, एवढंच.

खरा घोळ उत्तराबद्दल आहे. बहुतेकांच्या मते उत्तर म्हणजे बिघाड दुरुस्त झाल्याची बातमी. कंपन्याही तेच धरून चालतात: 'टेक्निकल टीम काम करतेय, साइट सुरू झाली की कळवू.' पण सर्व्हर कधी उठणार हा त्यांचा प्रश्न. खेळणाऱ्याचा प्रश्न वेगळा असतो: माझी कोणती टीम धरणार?

आयपीएलचा संध्याकाळचा सामना साडेसातला, टॉस सातला. अंतिम अकरा कोण हे टॉसला कळतं, म्हणून सगळे त्याच अर्ध्या तासात टीम बदलायला धावतात आणि साइट कोलमडते तीही तेव्हाच. मागे एकदा मी कर्णधार केलेला खेळाडू अकरात नव्हता. ७ वाजून १२ मिनिटांनी बदल करून 'सेव्ह' दाबलं, चक्र फिरतच राहिलं. कर्णधाराचे गुण दुप्पट धरतात, त्यामुळे तो बाहेर बसला की स्पर्धा हातातून गेलीच. तक्रार केली, पोच लगेच आली. दुसऱ्या दिवशी दुपारी मेल: 'तुमची तक्रार बंद करण्यात आली आहे.' काय ठरवून बंद केली, त्याबद्दल एक अक्षर नाही.

दुसऱ्या एका साइटवर हाच प्रसंग आला, तेव्हा चॅटवरच्या मुलाने लिहिलं: 'सर, तुमची ७:०४ची टीम इकडे दिसतेय. नंतरचा बदल आलेला नाही. पुन्हा पुन्हा सेव्ह दाबू नका. स्पर्धा चालू ठेवायची की रद्द, ते पावणेआठला इथेच सांगतो.' साइट तेव्हाही बंदच होती, ती का बंद पडली हे त्यालाही ठाऊक नव्हतं. तरी हे पूर्ण उत्तर होतं. काय नोंदलं गेलंय, मी आत्ता काय करायचं नाही, निर्णय किती वाजता, तिन्ही कळलं. पावणेआठला तो खरंच परत आला: स्पर्धा रद्द, सगळ्यांची प्रवेश फी परत. सगळ्यांची, हे मला फार मोलाचं वाटतं. आरडाओरडा करणाऱ्याच्या खात्यात बोनस आणि गप्प बसलेल्याला काही नाही, ही पद्धत मला मुळीच मान्य नाही. आणि 'लवकरच' हा शब्द तर चॅटमधून हद्दपार करावा. घड्याळातली वेळ सांगा.

नियमानेही या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या आहेत. 'ई-कॉमर्स नियमाप्रमाणे ४८ तासांत उत्तर द्यावंच लागतं' असं लोक सर्रास लिहितात, ते चूक आहे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० मधले ४८ तास पोच देण्यासाठी आहेत. निवारणाला तक्रार मिळाल्यापासून एक महिना आहे. तुम्ही ४८ तासांवर बोट ठेवलंत तर कंपनी पोच दाखवून मोकळी होते. महिन्यावर बोट ठेवा, आणि तो उलटला तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा.

ऑगस्ट २०२५च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानंतर मोठ्या कंपन्यांनी पैशांच्या स्पर्धा बंद केल्या, आता खेळतो ते फुकटचं. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'सेवा' या व्याख्येतून फुकट सेवा वगळलेली आहे, त्यामुळे तिथे हा नियम दाखवून उपयोग नाही. पण खेळात घातलेला वेळ तोच, आणि मुदतही तितकीच कडक. फँटसी प्रीमियर लीग या इंग्लिश फुटबॉलवरच्या खेळात टीम बदलायचं दार फेरीतल्या पहिल्या सामन्याच्या ९० मिनिटं आधी बंद होतं. (इंग्लंडमधली घड्याळं मागे गेली की आपल्याकडे ही वेळ तासभर पुढे सरकते, तेवढं लक्षात ठेवा.) मुदत संपल्यावर 'खेळ अद्ययावत होत आहे' अशी पाटी लागते, तो बिघाड नव्हे. मुदतीआधीच साइट अडली, तर तक्रारीत पहिल्याच ओळीत लिहा: 'साइट कधी सुरू होईल हे विचारत नाही. माझी कोणती टीम तुमच्याकडे नोंदली आहे, आणि मुदतीबद्दलचा निर्णय किती वाजता कळवाल?'