फ्रँकलिनची साम्राज्यनिष्ठेकडून स्वातंत्र्याकडे वाटचाल

अमेरिकन मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिन (१७०६–९०) ब्रिटनच्या अमेरिकेतील वसाहतींच्या स्वातंत्र्याच्या बाजूला आला, तेव्हा तो सत्तरीला टेकला होता. त्याआधी ब्रिटिश साम्राज्य टिकावे आणि त्यात अमेरिकनांना बरोबरीचे स्थान मिळावे, हीच त्याची खटपट होती. १७५३ पासून तो वसाहतींच्या टपालखात्याच्या दोन प्रमुखांपैकी एक होता. १७६४ मध्ये तो लंडनला गेला, तेही पेन घराण्याच्या मालकीची पेनसिल्व्हेनिया वसाहत थेट राजाच्या अमलाखाली घ्यावी, असा अर्ज घेऊन.

स्टँप कायद्याला, म्हणजे वसाहतींतल्या छापील कागदांवर ब्रिटिश पार्लमेंटने बसवलेल्या मुद्रांक कराला (१७६५), त्याचा विरोध होता. पण तो संमत होताच त्याने आपल्या मित्राचे नाव मुद्रांक वितरक म्हणून सुचवले. वसाहतींतल्या लोकांचा राग त्याला लंडनहून जोखता आला नाही. फिलाडेल्फियातल्या त्याच्या घरावर जमाव येणार अशी आवई उठली, तेव्हा पत्नी डेबोरा बंदुका जवळ ठेवून घरातच राहिली. १३ फेब्रुवारी १७६६ रोजी पार्लमेंटच्या कनिष्ठ सभागृहापुढील (हाउस ऑफ कॉमन्स) साक्षीने त्याने ही चूक भरून काढली आणि मार्चमध्ये कायदा रद्द झाला. मात्र अंतर्गत कर अमान्य, व्यापारावरची जकात मान्य, हा त्याने साक्षीत मांडलेला भेद अंगाशी आला. १७६७ मध्ये काच, शिसे, रंग, कागद आणि चहा यांवर जकातच बसवण्यात आली.

खरी वैचारिक कलाटणी मार्च १७६८ च्या पत्रात दिसते. पार्लमेंटला वसाहतींसाठी सगळेच कायदे करता येतात किंवा एकही नाही, मधली वाट टिकत नाही, असे त्याने मुलाला, विल्यमला, लिहिले. दुसरी बाजू त्याला अधिक भक्कम वाटत होती. पार्लमेंटवरचा विश्वास असा ढळला, तरी राजावरची निष्ठा शाबूत होती.

ती तुटली एका पत्रप्रकरणात. मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर हचिन्सन याची जुनी खाजगी पत्रे फ्रँकलिनने १७७२ मध्ये बॉस्टनला पाठवली. दोष लंडनचा नसून तिथल्याच अधिकाऱ्यांचा आहे हे दाखवून राग शमवावा, हा त्याचा हेतू होता. पत्रे छापली गेली आणि आगीत तेल पडले. २९ जानेवारी १७७४ रोजी, कराच्या निषेधार्थ बॉस्टनच्या बंदरात चहा बुडवल्याची बातमी ताजी असताना, प्रिव्ही कौन्सिल या राजाच्या सल्लागार मंडळासमोर सरकारी वकील (सॉलिसिटर जनरल) वेडरबर्नने त्याची सुमारे तासभर निर्भर्त्सना केली. सभासद हसत होते. फ्रँकलिन निश्चल उभा राहिला. लगेच टपालखात्यातून त्याला काढण्यात आले. अपमानापेक्षा मोठी गोष्ट त्याला उमगली होती: गाऱ्हाणे आणणाराच सरकारला नकोसा झाला, तर दाद मागायची वाटच बंद होते.

तरीही तो वर्षभर तडजोडीच्या वाटाघाटी करत राहिला. फेब्रुवारी १७७५ मध्ये माजी पंतप्रधान लॉर्ड चॅटमची समेटाची योजना पार्लमेंटच्या उमराव सभागृहाने फेटाळली आणि मार्चमध्ये त्याने लंडन सोडले. ५ मे रोजी तो फिलाडेल्फियाला उतरला तेव्हा ब्रिटिश सैन्य आणि वसाहतवासी यांच्यातली लेक्सिंग्टनची पहिली सशस्त्र चकमक होऊन गेली होती. दुसऱ्याच दिवशी तो काँग्रेसचा, म्हणजे वसाहतींच्या संयुक्त प्रतिनिधी सभेचा, प्रतिनिधी झाला. राजाकडे शेवटचा विनंतीअर्ज गेला, त्यावर त्याचीही सही होती. पण त्याच जुलैत त्याने वसाहतींच्या संघराज्याचा मसुदाही पुढे ठेवला. जून १७७६ मध्ये स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा मसुदा करणाऱ्या पाच जणांच्या समितीत तो होता. २ जुलैला काँग्रेसमध्ये पेनसिल्व्हेनियाचे मत स्वातंत्र्याच्या बाजूने तीन विरुद्ध दोन असे जेमतेम पडले, तेही तिचे डिकिन्सन आणि मॉरिस हे दोन प्रतिनिधी मतदानापासून दूर राहिले म्हणून. न्यू जर्सीचा राजनियुक्त गव्हर्नर असलेला विल्यम मात्र राजनिष्ठच राहिला आणि त्या वेळी अटकेत होता.