कपटे, ठसे आणि डाय : हातकार्डामागची पार्श्वभूमी

हाताने केलेल्या शुभेच्छाकार्डावर आज बहुतेक वेळा चार गोष्टी दिसतात: जाड कागदाची घडी, डायने (धातूच्या धारदार साच्याने) कापलेला एखादा आकार, ठशाने उमटवलेला मजकूर आणि उरलेल्या कागदांच्या कपट्यांतून रचलेले थर. यातली एकही गोष्ट मुळात हातकामाची नाही. थर परवडू लागले ते टपालाच्या दरामुळे. डाय आली खोकी बनवणाऱ्या कारखान्यातून, रबरी ठसा दातांच्या कवळ्यांच्या भट्टीतून आणि कपटे जर्मनीतल्या छापखान्यांतून. हातकाम आहे ते या सगळ्याच्या जोडणीत. हे नीट कळलं की कार्ड का फाटतं, का वाकतं, ठसा का फिस्कटतो याचीही उत्तरं सापडू लागतात.

सुरुवात टपालापासूनच करायला हवी. १८४० पूर्वी ब्रिटनमध्ये पत्राचा दर अंतरावर आणि आतल्या कागदांच्या संख्येवर ठरे, आणि पैसे बहुधा पत्र घेणारा भरी. पाकीट घातलं तर तोही एक वेगळा कागद धरला जाई, म्हणजे दर दुप्पट. अशा हिशेबात कागदावर कागद चढवून कुणी पाठवणं अवघडच होतं. १० जानेवारी १८४० पासून देशभर एकच दर आला: अर्ध्या औंसापर्यंत एक पेनी, कागद किती का असेनात. संख्येचा हिशेब संपून वजनाचा सुरू झाला, आणि थरांच्या कार्डाला वाट मोकळी झाली. अर्धा औंस म्हणजे सुमारे १४ ग्रॅम. आजच्या मापाने बघायचं तर ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम भरणारा) ए५ कागद ९.३ ग्रॅम भरतो, त्यावर १२० जीएसएमचा एक थर आणखी १.७ ग्रॅम. पाकीट धरलं की ती मर्यादा जवळजवळ गाठलीच. त्या काळातलं सजावटीचं सामान इतकं पातळ आणि हलकं का होतं, ते या आकड्यांत दिसतं.

या टपालसुधारणेत काम केलेल्या हेन्री कोल यांनीच १८४३ साली नाताळचं पहिलं छापील विक्रीचं कार्ड काढलं. चित्र जॉन कॅलकॉट हॉर्स्ली यांचं, छपाई शिळाछापाची (दगडावरून केलेली), रंग मात्र हाताने भरलेले. न दुमडलेलं एकच पान, किंमत एक शिलिंग, म्हणजे बारा पेनी. म्हणजे कार्ड पाठवायच्या खर्चाच्या बारा पट किंमत कार्डाचीच. हाताने भरलेला रंग तेव्हाही महागच पडत होता.

त्याआधीच इंग्लंडमध्ये कागदी जाळी तयार होऊ लागली होती. धातूच्या दोन साच्यांमध्ये कागद दाबून त्यावर उठाव आणायचा ही पद्धत जुनी. १८३४ च्या सुमारास जोसेफ अ‍ॅडनब्रुक याने उठावाचे वर आलेले भाग कानशीने घासून काढले, तिथे भोकं पडली आणि कागदाची लेस तयार झाली, असं मानलं जातं. लक्षात घ्या, ही जाळी कापलेली नाही, झिजवलेली आहे. म्हणून तिच्या कडा मऊ, किंचित तंतूदार असतात, आणि आजच्या डायने कापलेल्या जाळीच्या कडा साफ. दोन्हींचा दुबळेपणा मात्र एकच: भोकांमधल्या पट्ट्या एक मिलिमीटरहून बारीक झाल्या की उचलतानाच तुटतात.

हातकार्डाच्या इतिहासातलं सगळ्यात महत्त्वाचं नाव अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या वूस्टरच्या एस्थर हाउलंड यांचं. वडिलांचा कागद-स्टेशनरीचा व्यवसाय होता. शिक्षण संपल्यावर, १८४० च्या दशकाच्या शेवटी, हाती आलेलं एक इंग्लिश व्हॅलेंटाइन कार्ड पाहून त्यांनी तसं घरी करायचं ठरवलं. कागदी लेस आणि रंगीत चित्रं परदेशातून मागवली, आणि मैत्रिणींना एका टेबलाभोवती बसवून कामाची वाटणी केली: एकीने चित्रं कातरायची, दुसरीने मांडणी करायची, तिसरीने चिकटवायची. म्हणजे सामान यंत्राचं आणि जोडणी हाताची. आज हातकार्ड करणारा प्रत्येक जण नेमकं हेच करतो. त्यामुळे ‘तयार डाय वापरली, मग ते हातकाम कसलं’ हा आक्षेप निदान इतिहासात तरी टिकत नाही.

हाउलंड यांच्या कार्डांतल्या दोन युक्त्या आजही तशाच उपयोगी आहेत. पहिली, पांढऱ्या लेसखाली छोटा रंगीत चकचकीत कागद ठेवायचा, म्हणजे जाळीची नक्षी उठून दिसते. दुसरी, वरचा थर कागदाच्या स्प्रिंगवर उचलायचा. त्यासाठी १६० जीएसएम कागदाची ८ मिमी रुंद पट्टी घ्यावी, दर ८ मिमीवर पुढे-मागे दुमडून चार-पाच घड्यांचा भाता करावा आणि त्याची दोन टोकं वरच्या आणि खालच्या थराला चिकटवावीत. पाकिटात हा भाता दबून सपाट होतो आणि बाहेर काढला की परत उठतो. आजच्या फोम टेपचं (दोन्ही बाजूंनी चिकट, स्पंजासारख्या जाड टेपचं) तसं नाही. २ मिमीचा फोम २ मिमीच राहतो, दोन थर झाले की पाकीट फुगतं आणि टपालाच्या छाननी यंत्रात त्याच जागी घासलं जातं. टपालाने जाणाऱ्या कार्डाला १ मिमी फोमचा एक थर पुरे. त्याहून उंची हवी असेल तर जुना भाताच बरा.

आता कपट्यांकडे. एकोणिसाव्या शतकातला कपटा, म्हणजे ‘स्क्रॅप’, हा उरलेला तुकडा नव्हे, तर मुद्दाम छापलेलं, उठाव दिलेलं आणि आकारात कापलेलं रंगीत चित्र. गोदफ्रॉय एंगेलमान यांनी १८३७ साली फ्रान्समध्ये रंगीत शिळाछपाईचं पेटंट घेतलं. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड, आणि सगळे रंग एकमेकांवर अचूक बसले तरच चित्र साधतं. या कामात जर्मन छापखाने सगळ्यांच्या पुढे गेले. छपाईनंतर कागदावर चकाकीचा लेप, मग दाब देऊन उठाव आणि शेवटी कापणी. चित्रं सुटी होऊन विखरू नयेत म्हणून त्यांच्यामध्ये कागदाच्या छोट्या शिड्या सोडत, आणि त्या शिड्यांवर बऱ्याचदा कारखान्याचं नाव किंवा क्रमांक छापलेला असे. शिडी कापताना कात्री चित्राच्या कडेला टेकवून कापावी, नाहीतर पांढरं टोक राहतं आणि गडद कागदावर लगेच डोळ्यांत येतं. उठाव दिलेल्या चित्राची मागची बाजू पोकळ असते, हेही विसरू नये. सपाट डिंक लावला तर तो फक्त कडेला धरतो आणि मध्ये बोट टेकलं की चित्र खचतं. पोकळीत दाट डिंकाचे दोन-तीन थेंब ठेवून वरून न दाबता सुकू द्यावं. ओल जास्त झाली तर उठाव बसून जातो.

लंडनच्या राफाएल टक या कंपनीने आणि बॉस्टनच्या लुईस प्रँग यांनी १८७० च्या दशकात रंगीत छापील कार्डं स्वस्त आणि विपुल केली. पहिल्या महायुद्धात जर्मन मालाची आवक थांबली. त्याच काळात, १९१७ साली, कॅन्सस सिटीतल्या हॉल बंधूंच्या दुकानातला भेटवस्तू गुंडाळायचा साधा पातळ कागद संपला आणि पाकिटाच्या अस्तराचा फ्रेंच नक्षीदार कागद विकायला ठेवावा लागला. तो हातोहात खपला. नक्षीदार कागद ही स्वतंत्र वस्तू म्हणून विकली जाऊ लागण्यात या प्रसंगाचा मोठा वाटा आहे.

डायची कथा ब्रुकलिनची. रॉबर्ट गेअर यांच्या कारखान्यात १८७९ साली बियांच्या पिशव्या छापताना घडी पाडणारी धातूची पट्टी जागेवरून सरकली आणि घडी पाडण्याऐवजी कागद कापत गेली. नुकसान झालं, पण एक गोष्ट उमगली: पट्टीची उंची थोडी कमी ठेवली की घडी पडते, थोडी जास्त ठेवली की काप बसतो, आणि दोन्ही एकाच दाबात करता येतात. पुठ्ठ्याची घडीची खोकी यातून आली. छापखान्यातलं पंचिंग आणि क्रीझिंग आजही याच तत्त्वावर चालतं: लाकडी फळीत बसवलेली २३.८ मिमी उंच धारदार पट्टी कापते आणि तिच्याहून जरा बुटकी, बोथट पट्टी घडी पाडते.

घडीबद्दल इथेच सांगायला हवं, कारण नव्या माणसाची पहिली फजिती तिथेच होते. कागदाला धार असते, म्हणजे तंतूंची दिशा. घडी धारेच्या दिशेने गेली तर साफ पडते, आडवी गेली तर वरचा थर तडकतो आणि पांढरी रेघ दिसते. ए४ कागदाची धार बहुधा लांब बाजूने असते. तो आडवा मधोमध कापून ए५ केला आणि मग दुमडला, तर घडी धारेने जाते. तोच कागद उभा चिरून १०५ मिमी रुंद लांबट पट्टी केली आणि दुमडली, तर घडी धारेच्या विरुद्ध. रेघ बोथट हत्याराने मारल्यावर कागदाच्या दुसऱ्या बाजूला उंचवटा येतो. दुमडताना तो उंचवटा घडीच्या आत यायला हवा. बरेच जण उलट दुमडतात आणि मग कागदाला दोष देतात.

डाय घरात यायला पुढची शंभराहून अधिक वर्षं लागली. १९७७ साली अमेरिकेत सुरू झालेल्या एलिसन कंपनीने शाळांसाठी अक्षरं कापायची हातयंत्रं बनवली. त्यांच्या डाय म्हणजे फोममध्ये बसवलेल्या धारदार पट्ट्यांचे जाड ठोकळे. त्याच कंपनीने २००१ साली सिझिक्स नावाने घरगुती यंत्र आणलं. नंतरच्या पातळ डाय धातूचा पत्रा रसायनाने कोरून करतात. त्यांत नक्षी बारीक येते, पण त्या एका वेळी साधारण एकच जाड कागद कापतात. रचना अशी: खाली आधाराची फळी, त्यावर कापायची प्लेट, त्यावर कागद, मग कापणारी धार खाली करून डाय आणि वर दुसरी प्लेट. काप एका बाजूला अर्धवट राहिला तर दाब वाढवत बसू नये. तेवढ्याच भागावर एक पातळ कागद जादा घालावा. प्लेट कमानीसारखी वाकली तर दर खेपेला उलटी करावी. जाळी डायमध्ये अडकत असेल तर मधे मेणकागद घालावा. डाय सरकू नये म्हणून लावलेली टेप आधी कापडावर दोनदा चिकटवून तिचा चिकटपणा कमी करावा, नाहीतर ती कागदाचा पापुद्राच काढते.

ठशाचं मूळ रबरात. चार्ल्स गुडइयर यांनी गंधक आणि उष्णतेने रबर टिकाऊ करायची कृती १८४४ साली पेटंट केली. पुढे दंतवैद्य कवळ्यांसाठी कडक रबर छोट्या बाष्पभट्टीत तापवू लागले. १८६० च्या दशकात याच भट्ट्यांत प्लास्टरच्या साच्यावर रबर दाबून अक्षरांचे ठसे निघू लागले. पहिला कोण याचे दावेदार एकाहून अधिक आहेत. आजचे पारदर्शक ठसे छपाईच्या प्लेटसाठी वापरतात त्या, प्रकाशाने घट्ट होणाऱ्या प्लास्टिकचे असतात. नव्या पारदर्शक ठशावर शाई थेंबाथेंबाने गोळा होते, कारण पृष्ठभाग गुळगुळीत असतो; पेन्सिलच्या खोडरबराने हलकं घासलं की ती सारखी बसते. ठसा टेकवताना डुलवू नये, कडा उमटतात.

उठावदार छपाईची पावडरही छापखान्यातलीच. महाग कोरीव छपाईची नक्कल करायला ओल्या शाईवर राळेची पूड टाकून वितळवत. घरी हीच कृती करताना हळू सुकणारी पिगमेंट (न विरघळणाऱ्या रंगकणांची) शाई घ्यावी; डाय शाई (नावात डाय असली तरी ही कापायची नव्हे, विरघळलेल्या रंगाची) कागदात मुरते आणि पूड धरत नाही. हीट गन (गरम हवा सोडणारं हत्यार) आधी २०-३० सेकंद तापवून मगच कागदाकडे न्यावी आणि पूड चमकली की लगेच बाजूला करावी. जास्त तापवलं की राळ कागदात उतरते, अक्षरं तेलकट आणि सपाट दिसतात. भोवती पुडीचे ठिपके राहत असतील तर कारण बोटांचा ओलावा किंवा स्थिर वीज. ठसा मारण्याआधी कागदावर टाल्कची पुरचुंडी फिरवावी.

चिकटवण्याची बाब शेवटी आली तरी कार्ड टिकतं की नाही ते तिच्यावर आहे. पाण्याचा डिंक लागला की कागद धारेच्या आडव्या दिशेने फुगतो आणि सुकताना आक्रसून कार्ड वाकवतो. मोठ्या थराला म्हणून दोन्ही बाजूंनी चिकटणारी डबल टेप, बारीक जाळीला सुईच्या टोकाने डिंक. दर थर सगळ्या बाजूंनी ३ मिमी आत घ्यावा: १०५ बाय १४८ च्या कार्डावर ९९ बाय १४२, त्यावर ९३ बाय १३६. आणि कागद आम्लमुक्त असावा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चिंध्यांऐवजी लाकडाच्या लगद्याचा, तुरटी-राळेची खळ दिलेला कागद आला. त्यातलं आम्ल कागदाला आतून पोखरतं, आणि म्हणूनच जुन्या संग्रहवह्यांत कपट्यांच्या चकाकीच्या लेपाखालचे रंग अजून ताजे दिसतात, पण त्यांच्याखालची पानं तपकिरी होऊन कोपऱ्यांतून मोडत असतात.