सही वर, सही खाली, आणि मधले मैल

ऑक्टोबर संपत आला की आमच्या ऑफिसात एक सकाळ शपथेची असते. सरदार पटेलांची जयंती ज्या आठवड्यात येते, तो आठवडा केंद्रीय दक्षता आयोगाच्या सांगण्यावरून ‘दक्षता जागरूकता सप्ताह’ म्हणून पाळतात. सगळे खाली पॅसेजमध्ये उभे राहतात, साहेब एकेक ओळ वाचतात, बाकीचे मागून म्हणतात. लाच देणार नाही, घेणार नाही. पुढच्या रांगेत आवाज खणखणीत, मागे जाता जाता नुसती कुजबुज, आणि लिफ्टपाशी उभे असलेल्यांचं सगळं लक्ष समोशांच्या ट्रेकडे.

गेल्या वर्षी शपथेनंतर व्याख्यानही होतं. व्याख्याते बाहेरचे, सुटाबुटातले, कॉलरला माइक. त्यांनी एक स्लाइड दाखवली: फॉर्मच्या शेवटी सही घेण्याऐवजी सुरुवातीलाच घेतली, तर माणसं दहा टक्के जास्त खरं लिहितात. “हे मी नाही म्हणत, सायन्स म्हणतंय.”

आमच्या प्रशासन विभागाने ते फारच मनावर घेतलं. महिन्याभरात टीए बिलाचा, म्हणजे प्रवासभत्त्याचा, नवा फॉर्म छापून आला. तळाचं प्रतिज्ञापन आणि सहीची जागा उचलून थेट माथ्यावर. फक्त मजकूर बदलायचा राहून गेला. त्यामुळे तिथे अजूनही ‘वरील सर्व माहिती खरी आहे’ असंच छापलेलं आहे, आणि त्याच्या वर आहे ती राजमुद्रा. म्हणजे ‘सत्यमेव जयते’ हे खरं आहे, अशी सही आम्ही सगळे सध्या करतो.

फॉर्म होईल दुरुस्त. पण ज्या शोधनिबंधावरून ती स्लाइड बनली, तो २०२१ सालीच मागे घेतला गेलाय. कारण? त्यातला मुख्य प्रयोग खोट्या आकड्यांवर उभा होता. प्रामाणिकपणावरचा प्रयोग! आणि ते आकडे खोटे आहेत हे ज्या रीतीने पकडलं, ती रीत मला इतकी आवडते की हा लेख खरं तर तिच्यासाठीच आहे.

आधी प्रयोग काय होता ते बघू. २०१२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात पाच संशोधकांचा हा निबंध आला. अमेरिकेतल्या एका मोटार विमा कंपनीने ग्राहकांना विचारलं, तुमच्या गाडीच्या मीटरवर आज किती मैल दिसतात? आधीचं रीडिंग कंपनीकडे होतंच. नव्यातून जुनं वजा केलं की गाडी मधल्या काळात किती पळाली ते कळतं. गाडी कमी पळाली तर हप्ता कमी, म्हणजे कमी सांगण्यात ग्राहकाचा सरळ फायदा. निम्म्या ग्राहकांना सही खाली करायला दिली, निम्म्यांना वर. खाली सही करणाऱ्यांनी सरासरी २३,६७१ मैल सांगितले, वर सही करणाऱ्यांनी २६,०९८. दहा टक्क्यांचा फरक, आणि खर्च शून्य. सरकारांना, कंपन्यांना, व्याख्यात्यांना आणखी काय हवं असतं?

पुढे त्याच संशोधकांनी हा परिणाम पुन्हा मिळतो का ते पाहिलं. मिळेना. २०२० मध्ये त्यांनी त्याच नियतकालिकात स्वतःच जाहीर केलं की सही वर घेतल्याने खोटेपणा कमी होत नाही. सोबत २०१२ ची मूळ आकडेवारीही सगळ्यांसाठी खुली केली. हे महत्त्वाचं आहे, कारण पुढचं सगळं त्या खुल्या फाइलमुळेच घडलं.

एक विचित्र गोष्ट त्यांनाही दिसली होती. दोन्ही गटांची जुनी रीडिंग, म्हणजे सही वर-खाली होण्याच्या आधीची, एकमेकांशी जुळत नव्हती. सरासरीत साधारण पंधरा हजार मैलांचा फरक होता. आता इथे जरा गणित आहे, नको असेल तर पुढचा परिच्छेद सोडून द्या.

नाणं उडवून माणसं दोन गटांत वाटली, तर दोन्ही गट जवळपास सारखेच निघतात. किती सारखे? एकूण १३,४८८ पॉलिसी होत्या, म्हणजे गटात साधारण ६,७४४. समजा गाड्यांची रीडिंग एकमेकांपासून भलतीच पसरलेली आहेत आणि त्यांचं प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीपासूनचं साधारण अंतर, पन्नास हजार मैल आहे. एका गटाच्या सरासरीतली डळमळ काढायला पन्नास हजारांना ६,७४४ च्या वर्गमुळाने, म्हणजे ८२ ने भागायचं. उत्तर सुमारे ६०९ मैल. दोन सरासऱ्यांमधल्या फरकाची डळमळ त्याच्या १.४१४ पट, सुमारे ८६० मैल. म्हणजे निव्वळ योगायोगाने फरक पडला तर हजार-दोन हजार मैलांचा पडेल. पंधरा हजार म्हणजे या डळमळीच्या सतरा पट. इतका योगायोग विश्वाच्या आयुष्यात एकदाही घडणार नाही.

संशोधकांना वाटलं, गट पाडताना काहीतरी चुकलं असेल. नाव जाहीर न केलेल्या काही अभ्यासकांनी मात्र फाइल उघडून आतले आकडे एकेक करून पाहिले, आणि जे सापडलं ते ऑगस्ट २०२१ मध्ये ‘डेटा कोलाडा’ या संकेतस्थळावरून जगासमोर आलं.

पहिली खूण आलेखाची. कोण किती गाडी चालवतं याचा आलेख काढला, तर तो डोंगरासारखा दिसायला हवा. बहुतेक लोक मधे कुठेतरी, अगदी थोडी चालवणारे कमी, आणि उजवीकडे लांबलचक उतार, कारण दिवसभर गाडीतच असणारे काही असतातच. इथे डोंगर नव्हता, ओटा होता. अगदी थोडे मैल चालवणारे जितके, तितकेच वीस हजारवाले, तितकेच पंचेचाळीस हजारवाले. असं शून्यापासून पन्नास हजारांपर्यंत सपाट, आणि पन्नास हजारांवर कडा तुटल्यासारखा शेवट. त्यापुढे कोणी नाही. माणसं अशी गाडी चालवत नाहीत. एक्सेलमध्ये मात्र ‘शून्य ते पन्नास हजारांमधला कुठलाही एक आकडा दे’ असं सांगणारं एका ओळीचं सूत्र आहे, आणि त्याचा आलेख बरोबर असाच येतो.

दुसरी खूण माझी लाडकी. हे वाचल्यावर मी दुसऱ्या दिवशी पार्किंगमध्ये उभा राहून येणाऱ्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला: गाडीचे किती किलोमीटर झालेत? “बावीस हजार.” “साडेएकतीस झाले असतील.” “साठच्या घरात.” हिशेब विभागातल्या मॅडमनी मान वळवून काट्याकडे नीट पाहिलं आणि “सत्तेचाळीस हजार पाचशे” असं सांगितलं. मी वाकून बघितलं तर आकडा ४७,४८३ होता. ही लबाडी नाही हो. हे माणूसपण आहे. हाताने फॉर्म भरताना शेकड्यातल्या काही जणांनी तरी शेवटी ००० किंवा ५०० लिहायलाच हवं. विमा कंपनीकडच्या जुन्या रीडिंगमध्ये असे गोल आकडे होतेही. ग्राहकांनी नंतर स्वतः भरलेल्या म्हणवल्या जाणाऱ्या नव्या रीडिंगमध्ये मात्र ते नव्हते. शेवटचे तीन अंक ००० असण्याचं प्रमाण ४८३ असण्याइतकंच. हजारो अमेरिकन माणसं, आणि एकालाही गोल करावंसं वाटलं नाही?

असं कधी होतं? गोल आकड्यात वाटेल तो आकडा मिळवला की. ४७,००० मध्ये फाशाने पडलेले १८,२६४ मिळवा, झाले ६५,२६४. गोलाई गेली. जुनं रीडिंग अधिक सूत्रातला आकडा बरोबर नवं रीडिंग, एवढाच सगळा उद्योग.

तिसरी खूण वाचून मी मोठ्यांदा हसलो होतो. जुन्या रीडिंगच्या रकान्यात निम्मे आकडे कॅलिब्री या फाँटमध्ये होते आणि निम्मे कँब्रियात. फाँट वेगळे केल्यावर दिसलं, की कॅलिब्रीतल्या ग्राहकाला कँब्रियात एक जुळं भावंड आहे. गाड्यांची संख्या तीच, आणि कँब्रियातल्या प्रत्येक गाडीचं रीडिंग कॅलिब्रीतल्या भावंडाच्या गाडीपेक्षा शून्य ते हजार मैलांनी जास्त. कॅलिब्रीत गोल आकडे आहेत, कँब्रियात नाहीत. म्हणजे नोंदी कमी पडल्या म्हणून कोणीतरी यादीची नक्कल काढली, ओळखू येऊ नये म्हणून प्रत्येकीत हजाराच्या आतला काहीतरी आकडा मिळवला, आणि फाँट बदलायचा विसरलं.

माझे एक काका सहकार खात्यात लेखापरीक्षक होते. पतसंस्थेत गेले की रकमा नंतर, आधी व्हाउचरची शाई बघायचे. वर्षभराची व्हाउचरं एकाच पेनाने, एकाच दमात लिहिलेली दिसली, की चष्मा काढून पुसायला घ्यायचे. ते पुसणं सुरू झालं की सचिवाच्या कपाळावर घाम. गाडीचं लॉगबुक महिनाअखेरीस एका बैठकीत भरलेलं असलं तर तेही त्यांना लांबूनच कळायचं, कारण रोज भरलेल्या पानावर कुठे चहाचा डाग असतो, कुठे खाडाखोड, कुठे ड्रायव्हर बदलला म्हणून अक्षर बदललेलं. कँब्रिया आणि कॅलिब्री म्हणजे काकांची शाईच.

आकडे कोणी बनवले, ते आजवर जाहीरपणे सिद्ध झालेलं नाही. विमा कंपनीशी संपर्क पाचांपैकी एकाचाच होता, ड्यूक विद्यापीठातले डॅन एरियली. आपण आकडे बनवले नाहीत, असं त्यांनी सांगितलंय. मला कुतूहल आहे ते इतर चौघांचं. त्यांनी खोटं केलं असं कोणी म्हणत नाही. पण फाइल एका सहकाऱ्याकडून आली, सुंदर निष्कर्ष निघाला, निबंध छापून आला, आणि तो ओटा कोणालाही दिसला नाही. आलेख काढायला पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं कोणी का घालवत नाही, हे ऑफिसात नोकरी केलेल्याला सांगायला नको. सहकाऱ्याला “मूळ फाइल दाखव ना जरा” म्हटलं की पुढचं वाक्य ठरलेलं: “का, विश्वास नाही का माझ्यावर?” मग आपण म्हणतो, छे छे, तसं नाही, आणि सही करतो. वर की खाली, कुठेही. कचेरीतले नैतिक निर्णय बहुतेक वेळा असेच होतात. लाचेचं पाकीट समोर ठेवून कोणी विचारत नसतं. एक प्रश्न विचारायचा राहतो, एवढंच घडतं.

गोष्ट इथेही थांबत नाही. त्याच निबंधातला दुसरा एक प्रयोग, प्रयोगशाळेत केलेला, त्याच्या आकड्यांवर २०२३ मध्ये वेगळे आक्षेप आले. ते आकडे वेगळ्याच सहलेखिकेकडे होते, हार्वर्डमधल्या फ्रान्सेस्का जिनो. त्यांनीही आरोप नाकारले. हार्वर्डने २०२५ मध्ये त्यांची कायम नेमणूक काढून घेतली.

शपथेने माणूस सुधारतो, ही कल्पनाच आपल्याला इतकी गोड वाटते की तिला विज्ञानाचा शिक्का मिळाला की आपण पुढे विचारतच नाही. २००८ सालचा एक प्रयोग असाच गाजला होता: परीक्षेआधी बायबलमधल्या दहा आज्ञा आठवायला सांगितल्या तर विद्यार्थी फसवत नाहीत, वाचलेल्या दहा पुस्तकांची नावं आठवायला सांगितली तर फसवतात. २०१८ मध्ये १९ प्रयोगशाळांनी मिळून साडेचार हजारांहून जास्त लोकांवर तो करून पाहिला. काही फरक पडला नाही. आपल्याकडे हाच प्रयोग गेली कित्येक वर्षं जिन्यांच्या कोपऱ्यांत चालू आहे. पान थुंकू नये म्हणून देवांच्या टाइल्स लावतात. आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर साईबाबा आहेत. टाइलवर एक शिंतोडा नाही. पिचकारी तिच्या डावीकडे, वीतभर सोडून.

हे सगळं लिहायला बसलो तेव्हा म्हटलं, दुसऱ्यांचे आलेख काढतोय, एकदा आपलाही काढावा. माझ्या गेल्या तीन वर्षांच्या टीए बिलांच्या झेरॉक्स काढल्या आणि रिक्षाभाड्याचे शेवटचे अंक एका कागदावर मांडले. मीटर रिक्षाला ४३ होतात, ६७ होतात, ११२ होतात. माझ्या बिलांत सगळं शून्याने नाही तर पाचाने संपतं, आणि गोल करताना खाली कधी आलेलो दिसत नाही. म्हणजे ही बिलं एक्सेलच्या सूत्राने बनलेली नाहीत, हाडामांसाच्या माणसाने भरलेली आहेत, एवढं निर्विवाद सिद्ध होतं. शेवटची तीन नव्या फॉर्मवरची आहेत, वर सही केलेली. तीही पाचानेच संपतात. सगळी मंजूर झालीत.