डान्सगार्ड-ओश्गर घटना

शेवटच्या हिमयुगात ग्रीनलंड आणि उत्तर अटलांटिकच्या पट्ट्यात अचानक तापमान वाढायचं, आणि हे पुन्हा पुन्हा व्हायचं, त्यालाच डान्सगार्ड-ओश्गर घटना म्हणतात. साधारण १,१५,००० ते ११,७०० वर्षांपूर्वीच्या काळात अशा २५ घटना मोजल्या गेल्यात. प्रत्येक वेळी प्रकार साधारण तोच, काही दशकांत तापमान ८ ते १६ अंशांनी चढायचं, मग शेकडो वर्षं हळूहळू उतरत राहायचं आणि शेवटी एकदम कडाक्याची थंडी. हिमयुग म्हटलं की हजारो वर्षं एकसारखं गोठलेलं जग डोळ्यासमोर येतं, ते चित्र या शोधानं पार मोडीत काढलं.

नाव दोन फिजिसिस्टांवरून पडलं, डेन्मार्कचे विली डान्सगार्ड (१९२२–२०११) आणि स्वित्झर्लंडचे हान्स ओश्गर (१९२७–१९९८). सुरुवात अगदी साधी होती. जून १९५२ मध्ये कोपनहेगनला पाऊस लागलेला असताना डान्सगार्ड यांनी बिअरच्या रिकाम्या बाटलीवर नरसाळं लावून ती बाहेर हिरवळीवर ठेवली आणि जमलेलं पाणी मास स्पेक्ट्रोमीटरवर (अणूंचं वजन वेगळं ओळखणारं यंत्र) तपासलं. पाण्यात नेहमीच्या ऑक्सिजन-१६ सोबत थोडासा जड ऑक्सिजन-१८ असतो, ५०० अणूंमागे एखादा. ढगातलं जड पाणी आधी गळून पडतं, त्यामुळे वाफ जितक्या थंड प्रदेशात पोचते तितका मागे उरलेल्या पाण्यातला ऑक्सिजन-१८ कमी होत जातो, म्हणजे बर्फातलं हे प्रमाण मोजलं की तो बर्फ पडला तेव्हा किती थंडी होती त्याचा अंदाज येतो. मग ग्रीनलंडच्या हजारो वर्षं साठलेल्या बर्फावर हेच का करू नये, हे त्यांनी १९५४ मध्येच लिहून ठेवलं होतं. मला तर या सगळ्या कामातली हीच उडी सगळ्यात मोठी वाटते, कारण तेव्हा इतक्या खोलवरचा जुना बर्फ कोणाच्या हातात नव्हता.

तो मिळाला १९६६ मध्ये. अमेरिकन लष्करानं ग्रीनलंडमधल्या आपल्या कॅम्प सेंच्युरी या ठाण्यावर बर्फाच्या तळापर्यंत जवळपास १,३९० मीटर ड्रिलिंग केलं आणि त्यातून निघालेल्या आइस कोअरमधला, म्हणजे बर्फाच्या लांब दंडगोलातला ऑक्सिजन डान्सगार्ड यांनी मोजला. आलेख वरखाली उड्या मारत होता, पण एकाच जागेचा पुरावा, बर्फ खाली सरकताना थर दुमडले असतील अशी शंका घ्यायला वाव होताच. १९८१ मध्ये दक्षिणेला, तिथून सुमारे १,४०० किलोमीटरवर ग्रीनलंडमधल्याच डाय-३ या ठिकाणी ड्रिलिंग पूर्ण झालं आणि तिथेही त्याच उड्या! ओश्गर यांनी त्या स्वित्झर्लंडच्या गेर्झेनसे तळ्याच्या गाळातल्या ऑक्सिजनशी जुळवून दाखवल्या, म्हणजे हे फक्त ग्रीनलंडपुरतं नव्हतं हेही कळलं. मग १९९२-९३ मध्ये ग्रीनलंडच्या माथ्यावर एकमेकांपासून सुमारे ३० किलोमीटरवर ३,००० मीटरपेक्षा खोल दोन भोकं पाडली, तळाजवळचा भाग सोडला तर दोन्हींचे आलेख तंतोतंत जुळले आणि वाद मिटला.

कारण काय? पृथ्वीच्या कक्षेतले आणि तिच्या आसाच्या कलातले बदल इथे कामाचे नाहीत, ते २०,००० ते १,००,००० वर्षांच्या चालीनं होतात. बहुतेक शास्त्रज्ञांचा रोख अटलांटिकमधल्या समुद्रप्रवाहावर आहे. हा प्रवाह उष्णता उत्तरेला नेतो, तो मंदावला की ग्रीनलंड गारठतं आणि अंटार्क्टिका हळूहळू तापू लागतं, जोरात सुरू झाला की उलट. अंटार्क्टिकाच्या आइस कोअरमध्ये ही उलटी चाल दिसते. पडसाद अजून लांबवर उमटले, अरबी समुद्राच्या गाळात आणि चीनमधल्या गुहांच्या चुनखडीत ग्रीनलंड तापलेलं असतानाच मान्सून जोरदार झाल्याच्या खुणा सापडल्यात.

या घटना दर १,४७० वर्षांच्या ठोक्यावर येतात असं काही काळ जोरात मांडलं गेलं, पण तारखा नीट तपासल्यावर त्या निव्वळ योगायोगानंही अशाच पडू शकतात असं संख्याशास्त्रानं दाखवलं, त्यामुळे प्रवाहाला धक्का नेमका कशानं बसतो, वितळलेल्या गोड्या पाण्यानं, समुद्रावरच्या बर्फानं की आपोआप, यावर अजून काम चालू आहे.