सीएल ३० हा सीएल १६ पेक्षा मंद नसतो

परवा मावसभावाने नव्या रॅमच्या खोक्याचा फोटो पाठवला. खाली एकच ओळ : "जुन्या रॅमला सीएल १६ होता, हिला ३० आहे. गंडलो ना मी?" सीएल म्हणजे 'कॅस लेटन्सी', रॅमच्या खोक्यावर छापलेला एक आकडा. नवा पीसी घेणारा प्रत्येक जण मला हेच विचारतो, म्हणून आता एकदाच लिहून ठेवतो.

वेगाचं फार सांगायला नको. डीडीआर४ (रॅमची एक पिढी) मधली ३२०० म्हणजे सेकंदाला ३२० कोटी ट्रान्सफर, एका चॅनेलवर (प्रोसेसर आणि रॅममधल्या एका मार्गावर) २५.६ जीबी. फक्त त्या ३२०० ला मेगाहर्ट्झ म्हणू नका. एका ठोक्याला दोन ट्रान्सफर होतात, म्हणून खरं घड्याळ १६०० मेगाहर्ट्झवरच चालतं. सीपीयू-झेड या पीसीची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये तो निम्मा आकडा बघून लोक दुकानदाराशी भांडायला जातात.

घोळ होतो तो टायमिंगचा. सीएल ही वेळ नाहीच, ती ठोक्यांची मोजणी आहे : रॅमच्या उघडलेल्या ओळीतून डेटा मागितल्यावर तो बाहेर पडेपर्यंत घड्याळाचे किती ठोके गेले, एवढंच. एक ठोका केवढा, हे वेगावर ठरतं. घरापासून नाक्यापर्यंत बापाची १६ पावलं होतात आणि पोराची ३०, म्हणून पोराचा नाका लांब गेला असं कोणी म्हणत नाही. रॅमच्या बाबतीत मात्र सर्रास म्हणतात.

हिशेब सोपा आहे. सीएलला २००० ने गुणा, वेगाने भागा, उत्तर नॅनोसेकंदात येतं. ३२०० वर सीएल १६ : १०. ६००० वर सीएल ३० : तेही १०! म्हणजे थांबायचं तेवढंच, आणि डेटा वाहायला लागला की जवळजवळ दुप्पट. उलट ३२०० वर सीएल २२ घेतलात तर १३.७५; वेग तोच, पण वाट बघणं जास्त. खोक्यावरच्या १६-१८-१८-३६ मधले सीएलच्या पुढचे आकडेही असेच ठोके आहेत, त्यांच्यावर रात्री जागवू नका.

फरक कुठे जाणवतो? प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सवर गेम खेळत असाल तर वेग हवा. तिथे १६ जीबीची एकच पट्टी घालणं हा माझ्या मते गुन्हा आहे. ८-८ च्या दोन घ्या, दोन्ही चॅनेल वापरात येतील. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल तर गेममध्ये फरक पडतो तो प्रोसेसर कमी पडत असेल तेव्हा, आणि तिथे वेगाइतकंच वाट बघणंही मोजलं जातं. एएमडीच्या ५८००एक्स३डी-सारख्या, ९६ एमबी कॅश (आतलीच झटपट मेमरी) असलेल्या प्रोसेसरला रॅमकडे कमी वेळा जावं लागतं, त्यामुळे तिथे महागड्या रॅमवर पैसे घालवू नका. एक्सेल आणि ब्राउझरला यातलं काहीच कळत नाही. आणि दिव्यांच्या पट्ट्यांनी फक्त खोली उजळते.

मावसभावाला म्हटलं, टास्क मॅनेजर उघड, वेग किती दिसतो? ४८००. खोक्यावर ६०००. बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) एक्स्पो, म्हणजे रॅमला खोक्यावरच्या वेगाने चालवणारी सोय, चालूच केलेलं नव्हतं, आणि त्या अवस्थेत सीएलही ४० वर होता. वाट बघणं १६.७ नॅनोसेकंद. गंडला होता खरा, पण खोक्यावरच्या ३० मुळे नाही.