बिऱ्हाड पाठीवर: बोरा मिलुटिनोविच

२०१६ साली अंधेरीच्या मैदानावर उरुग्वेच्या दिएगो फोर्लानला खेळवणारे मुंबई सिटी या फुटबॉल संघाचे प्रशिक्षक अलेक्झांद्रे गिमारायस काहींना आठवत असतील. त्या मोसमात मुंबई गुणतक्त्यात अव्वल राहिली आणि उपांत्य फेरीत कोलकात्याकडून हरली. हेच गिमारायस १९९०च्या फुटबॉल वर्ल्ड कपमध्ये कोस्टारिकाच्या संघात होते. तेव्हा त्यांचा प्रशिक्षक होता बोरा मिलुटिनोविच. सलग पाच वर्ल्ड कप आणि दर वेळी नवा देश, असा हा अवलिया.

बोराचा जन्म १९४४चा, सर्बियातल्या बायिना बाश्ता गावचा. तिघे भाऊ, तिघेही बेलग्रेडच्या पार्टिझान क्लबकडून खेळले. थोरला मिलोश युगोस्लाव्हियाकडून १९५४ आणि १९५८चे वर्ल्ड कप खेळला. बोराची मजल तिथवर गेली नाही. मोनॅको, नीस, विंटरथर असे मुक्काम करत तो १९७२मध्ये मेक्सिकोच्या पुमास क्लबात पोहोचला. खेळणं थांबल्यावर त्याच क्लबने त्याला प्रशिक्षक केलं. तिथल्या यशामुळे राष्ट्रीय संघ हाती आला आणि १९८६ला यजमान मेक्सिको उपांत्यपूर्व फेरीत गेला. पश्चिम जर्मनीशी गोलशून्य बरोबरी झाली, घात केला तो पेनल्टी शूटआउटने.

माझ्या मते त्याची खरी कमाल १९९०ची. कोस्टारिकाला वर्ल्ड कपपर्यंत आणलं होतं दुसऱ्याच प्रशिक्षकाने. बोरा आला तेव्हा हातात जेमतेम तीन महिने होते. पहिलाच वर्ल्ड कप खेळणाऱ्या या संघाने जेनोआत स्कॉटलंडला १-० हरवलं, ब्राझीलकडून फक्त एका गोलने हार पत्करली आणि स्वीडनला २-१ नमवलं. बाद फेरीत मात्र गोलरक्षक कोनेहो जखमी होऊन बाहेर बसला. चेकोस्लोव्हाकियाच्या स्कुह्राव्हीने त्याचा पुरेपूर फायदा उठवत हॅटट्रिक केली. निकाल ४-१.

तेव्हापासून ‘गटातून पुढे काढून देणारा माणूस’ हीच त्याची ओळख झाली. पुढचा मुक्काम अमेरिकेचा राष्ट्रीय संघ. अमेरिकेत तर तेव्हा देशपातळीवरची पहिल्या दर्जाची व्यावसायिक लीगच नव्हती. फेडरेशनने खेळाडूंशी थेट करार करून कॅलिफोर्नियातल्या मिशन व्हिएहोत त्यांचा तळ ठोकला. हा संघ १९९४ला कोलंबियाला हरवून दुसऱ्या फेरीत गेला आणि ४ जुलैला, ऐन स्वातंत्र्यदिनी, ब्राझीलकडून ०-१ हरला. नंतर मेक्सिकोला त्याने १९९८ची पात्रता मिळवून दिली, पण स्पर्धेआधीच त्याची गच्छंती झाली. मग तो नायजेरिया घेऊन फ्रान्सला गेला. स्पेनला ३-२ हरवून गट जिंकला खरा, पण पुढच्याच सामन्यात डेन्मार्कने चार गोल चढवले. संघ बाद फेरीपर्यंत नेण्याची हातोटी त्याच्याकडे होती. त्यापुढचं कोडं १९८६नंतर त्याला सुटलं नाही.

मग तो चीनचा प्रशिक्षक झाला. तिथे त्याला देवपण मिळालं ते ७ ऑक्टोबर २००१ला. शेनयांगमध्ये ओमानवर १-० विजय मिळवून चीन पहिल्यांदाच वर्ल्ड कपला, २००२च्या, पात्र ठरला. जपान आणि दक्षिण कोरिया यजमान असल्याने पात्रता फेरीत नव्हते, ही गोष्ट त्या जल्लोषात कोण बोलणार! प्रत्यक्ष स्पर्धेत चीनला तीन सामन्यांत एकही गोल करता आला नाही. पहिला पराभव ग्वांगजूत, ०-२, कोस्टारिकाकडून. समोरच्या बाकावर प्रशिक्षक म्हणून गिमारायस बसले होते.

पुढे होंडुरास, कतारचा अल साद क्लब, जमैका, इराक. बिऱ्हाड हलतच राहिलं.